क्लॅरोनेटवाल्याने सॅक्सोफोन घेताना

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कोजागिरीच्या रात्री झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आधी एक कबूल करतो. सचिवांनी मला विषय दिला होता ‘संगीत आणि आरोग्य’. मी दोन दिवस विचार केला आणि त्यांना सांगितलं, साहेब, आरोग्याचं मला काही समजत नाही, आणि संगीताचंही लग्नाच्या वरातीपुरतंच समजतं. मला एक गोष्ट मात्र पक्की समजली आहे, तीही स्वतःचे एकोणीस हजार रुपये घालवून. क्लॅरोनेट वाजवणाऱ्या माणसाने कमी पैशांत सॅक्सोफोन घ्यायचा तर कसा घ्यावा, हे मी सांगू शकतो. ते म्हणाले, चालेल, पण ऐकणार कोण? म्हटलं, कोजागिरी आहे, दूध मिळाल्याशिवाय कोणी उठत नाही.

तर आता तुम्ही अडकले आहात. ऐका.

आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, पंचवीस वर्षांपूर्वी या जागेवर नुसती काळी माती होती आणि पलीकडे पऱ्हाटीचं वावर. भूमिपूजनाला नारळ फुटला तेव्हा क्लॅरोनेट मी वाजवलं होतं. त्या वेळी मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि लग्नसराईत बँडमध्ये जायचो. कॉलेजपासूनच जायचो. घरची परिस्थिती अशी होती की फी बँडने भरली असं म्हटलं तरी चालेल. आमचे बँडमास्तर फार कमी बोलायचे, पण बोलले की लक्षात राहायचं. पहिल्या दिवशी माझ्या हातात क्लॅरोनेट देऊन म्हणाले, “हे पाह्य, छिद्र झाकलं नाही तं हे वाद्य तुयं ऐकणार नाही. बोट कमी आन् कान जास्त लाव.”

हे छिद्राचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा छिद्राचीच आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी कूलरची जाळी बसवत होतो. खामगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पत्र्याची धार उजव्या हाताच्या अनामिकेला लागली आणि बोटाचं टोक तिरपं कापलं गेलं. टाके पडले, जखम भरली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, जेवता येतं, लिहिता येतं. बरोबर होतं त्यांचं. पण टोक सपाट राहिलं नाही आणि तिथली जाणीवही अर्धी गेली. क्लॅरोनेट उचललं आणि समजलं की आपलं वाजवणं संपलं.

का संपलं, ते सांगतो. क्लॅरोनेटला चाव्या बऱ्याच असतात, पण मुख्य छिद्रं उघडी असतात, ती बोटाच्या मांसाने झाकायची असतात. उजव्या अनामिकेचं छिद्र केसभर जरी उघडं राहिलं, तरी सहाही बोटं लागणारे सूर फाटतात. त्यात खालचे सूर गेले म्हणून फारसं बिघडलं नसतं. पण त्याच बोटांवर मधल्या सप्तकाचे पहिले सूरही आहेत. खालच्या पट्टीतून वर जाताना ज्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा, तोच उंबरा तुटला. दर वेळी तिथे वाद्य किंचाळायचं. सौ. स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “अहो, मांजर आली का काय?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मी त्या दिवशी क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवलं आणि चार महिने काढलं नाही.

आता सॅक्सोफोन कुठून आला? तो आला एका जुन्या सिनेमाच्या गाण्यातून. रेडिओवर ‘गाईड’ सिनेमातलं किशोरकुमार आणि लताबाईंचं द्वंद्वगीत लागलं होतं. त्यात मध्ये जो सॅक्सोफोन आहे तो मनोहारी सिंग यांचा. १९६५ चा सिनेमा, मी शंभरदा ऐकलेलं गाणं. त्या दिवशी मात्र डोक्यात वेगळीच गोष्ट आली. सॅक्सोफोनला उघडी छिद्रं नसतात! छिद्रं इतकी मोठी की बोटाने झाकणंच शक्य नाही. त्यावर पितळी झाकण्या असतात, आत चामड्याचे पॅड असतात, आपण वरची चावी दाबली की झाकणी बसते. बोटाचं टोक तिरपं असो की सरळ, चावीला काय फरक पडतो? (झाकण्यांचं क्लॅरोनेटही बनतं, पण ते आपल्याकडे शोधून सापडत नाही.)

म्हणजे दार उघडं होतं. मला तेवढं पुरे होतं.

हे वाद्य ज्याने बनवलं तो ॲडॉल्फ सॅक्स बेल्जियमचा. दिनां या गावी १८१४ मध्ये जन्मला. तो मुळात क्लॅरोनेटवालाच होता, वडिलांच्या कारखान्यात क्लॅरोनेटं बनवायचा. सॅक्सोफोनचं पेटंट त्याने पॅरिसला १८४६ मध्ये घेतलं. सगळ्या जगाला वाद्य देऊन गेला, स्वतः मात्र कर्जातच राहिला, दिवाळं निघालं. हे मी सौ.ना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बनवणाऱ्याचं दिवाळं निघालं, आता घेणाऱ्याचं निघू देऊ नका.”

बायकोचं न ऐकता मी पहिली चूक केली. मोबाईलवर एक जाहिरात दिसली. चकचकीत सोनेरी आल्टो, पेटी, पट्टा, हातमोजे, साफ करायचा कपडा, सगळं मिळून एकोणीस हजार. वाद्यासोबत हातमोजे देतात तिथेच शंका यायला पाहिजे होती. वाद्य घरी आलं, दिसायला नवरदेवासारखं. आठ दिवस वाजलं. नवव्या दिवशी डाव्या करंगळीची चावी दाबल्यावर झाकणी वर येईना. मग खालचा सूर बुडबुड करायला लागला. मी स्क्रू फिरवला तर स्क्रूची खाच मेणासारखी गेली. चावी जरा सरळ करायला गेलो, ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. परत करायची मुदत टळून गेली होती. फोन लावला तर तिकडून उत्तर आलं, व्हिडिओ काढून पाठवा. कोणत्या सुराचा व्हिडिओ काढू?

ते वाद्य आज माझ्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे म्हणतात, वा! मी काही बोलत नाही.

त्या एकोणीस हजारांनी घरात पंधरा दिवस शांतता होती. पेन्शनच्या थकबाकीतून घेतले होते, दोघांनी वैष्णोदेवीला जायचं म्हणून ठेवलेले. मी रागावलो असतो तर भांडण झालं असतं, पण रागावायला माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी सौ.नीच विषय काढला. म्हणाल्या, “भिशी या महिन्यात माझी आहे. चाळीस आहेत. पण या वेळेस घ्यायच्या आधी पूर्ण चौकशी करायची, आन् मले समजेल असं सांगायचं.” महिला मंडळातल्या ज्या भगिनींची ती भिशी आहे, त्यांनी आता माझ्याकडे पाहू नये.

तर मी त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न, आल्टोच का? सॅक्सोफोन चार प्रकारचे सर्रास दिसतात. सोप्रानो, आल्टो, टेनॉर आणि बॅरिटोन. नोटेशन वाचणारे लोक सांगतात की क्लॅरोनेटवाल्याने टेनॉर घ्यावा, कारण दोन्हींचा सूर एक, आपल्या भाषेत काळी पाच. कागदावर सा म्हणून जो सूर लिहिला तो दोन्हींवर काळी पाचच वाजतो. आल्टोचा मात्र काळी दोन. हे खरं आहे. पण आम्ही बँडवाले कागद कुठे वाचतो? आम्ही कानाने वाजवतो. कानाने वाजवणाऱ्याला आल्टोमध्ये एक गंमत सापडते, ती मला कोणी सांगितली नव्हती. आल्टोच्या खालच्या सप्तकात डाव्या हाताची तीन बोटं ठेवली की काळी पाच निघते. क्लॅरोनेटच्या खालच्या पट्टीतही अंगठा आणि तीच तीन बोटं ठेवली की काळी पाचच, तोच आवाज. सहा बोटं ठेवा, दोन्हींवर पांढरी चार. दोन बोटं ठेवा, दोन्हींवर पांढरी एक. बोटं तीच, सूर तोच! पहिल्याच दिवशी मी आल्टोवर खालच्या पट्टीत एक आरती वाजवली. वरच्या पट्टीत मात्र फसलो.

फसलो ते का, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. क्लॅरोनेटची नळी आतून वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीची. अशा नळीत मागची चावी दाबून सूर वर चढवला की सा चा तार सा होत नाही, तार सप्तकातला पंचम निघतो. म्हणून क्लॅरोनेटवर खालची बोटं आणि वरची बोटं वेगळी शिकावी लागतात. सॅक्सोफोनची नळी तोंडाशी बारीक आणि खाली रुंद होत जाते, आपल्या सनईसारखी. तिथे चावी दाबली की सा चा तार सा. आयुष्यभर अंगठ्याची चावी दाबली की पंचम निघणार अशी सवय, आणि इथे निघतो सा! महिनाभर माझ्या सगळ्या गाण्यांच्या वरच्या ओळी चुकत होत्या. पण ज्याने सुरुवातच सॅक्सोफोनने केली त्याला हे फार सोपं पडतं, एकदा खाली शिकलं की वर फुकट.

आणखी एक नवलाची गोष्ट. क्लॅरोनेट एवढंसं, आल्टोची नळी त्याहून बरीच लांब, तरी दोघांच्या सर्वात खालच्या सुरात फक्त एका पट्टीचा फरक आहे. तोही सारखी नळी आणि रुंदावणारी नळी यांच्यातलाच खेळ. वर मात्र क्लॅरोनेट पुढे जातं. साडेतीन सप्तकांच्या पलीकडे. सॅक्सोफोन अडीच सप्तकांत संपतो. म्हणून कोणी म्हणालं की सॅक्सोफोन मोठा म्हणून जास्त वाजतो, तर ते खरं नाही. आवाज मोठा आहे, एवढंच. त्यावर आपल्या शेजाऱ्यांचं मत घ्यावं.

एक गोष्ट मात्र मी गमावली, तीही सांगितली पाहिजे. मींड. उघड्या छिद्रावरून बोट हळूहळू सरकवलं की सूर बासरीसारखा घसरतो. आपल्या भजनात, लावणीत, विरहाच्या गाण्यात सगळा जीव त्या घसरण्यात आहे. सॅक्सोफोनला झाकणी आहे, ती एक तर उघडी किंवा बंद. मग मींड काढायची कशी? ओठाने, जबड्याने आणि श्वासाने. हे किती अवघड आहे त्याचं एक नाव सांगतो. कद्री गोपालनाथ, मंगळूरकडचे. वडील नागस्वरम वाजवायचे. लहानपणी त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि ठरवलं की कर्नाटक संगीत यावरच वाजवायचं. ते साधायला त्यांना वर्षानुवर्षं लागली. १९९४ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये वाजवून आले, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये गेले. त्यांचं वाद्य कोणतं? आल्टोच. म्हणजे मींड निघते. माझी अजून निघत नाही, हा भाग वेगळा.

आता पैशांकडे येऊ.

नवीन वाद्यांमध्ये साधारण तीन पायऱ्या मी पाहिल्या. सर्वात खाली मी घेतलं तसलं, पंधरा ते तीस हजारांचं, ज्यावर नाव काहीही कोरलेलं असतं. बनवणारा कोण ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. यातली दहापैकी दोन-तीन चांगली निघतातही, पण कोणती, ते हातात घेतल्याशिवाय समजत नाही, आणि फोटोतून तर नाहीच. मधल्या पायरीवर तैवानची वाद्यं आणि चांगल्या कारखान्यांची चिनी वाद्यं. तैवानमध्ये हौली नावाचा एक भागच आहे, तिथे घरोघरी सॅक्सोफोनचे सुटे भाग बनायचे. जुपिटर ही कंपनीही तैवानचीच. वरच्या पायरीवर जपानची यामाहा. शिकणाऱ्यांसाठी त्यांचं जे मॉडेल आहे, वायएएस २८०, ते आज लाखाच्या पुढे. त्याच्याही वर पॅरिसचे सेल्मर आहेत, त्यांच्या किमतीत आपल्या सोसायटीत एके काळी प्लॉट मिळायचा.

आपल्या देशात बँडची वाद्यं म्हटलं की मेरठ. तिथल्या जाली कोठी भागात बिगुल, ट्रम्पेट, युफोनियम बनवणारी दुकानंच दुकानं. नादिर अली यांची कंपनी १८८५ पासूनची. आमच्या बँडची मोठी पितळी वाद्यं मेरठचीच होती, खड्ड्यात पडली तरी ठोकून सरळ व्हायची. पण माझं मत असं की ज्या वाद्यात चाव्यांचं यंत्र कमी, तिथे मेरठचा हात धरणारा कोणी नाही. सॅक्सोफोनमध्ये वीसच्या वर झाकण्या, दांड्या, स्प्रिंगा, आणि एक हललं की दुसरं गळतं. तिथे मी जपानी वाद्यावर भरवसा ठेवला. हे माझं मत आहे, मेरठवाल्यांनी राग मानू नये.

चाळीस हजारांत नवीन जपानी येणार नाही. मग जुनं घ्यायचं. जुनं घ्यायचं म्हणजे तपासणं आलं, आणि त्यासाठी आधी चांगलं वाद्य कसं वाजतं ते हाताला माहीत पाहिजे. म्हणून शेगावहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. धोबीतलावला फुर्ताडोसमध्ये जाऊन नवीन वाद्य वाजवायला मागितलं. घ्यायचं नव्हतं, खोटं काय बोलू. पण त्या वीस मिनिटांत मला समजलं की चावी किती हलकी असली पाहिजे आणि खालचा सूर किती हळू फुंकरीने निघाला पाहिजे. ही चव जिभेवर ठेवूनच पुढे गेलो.

मुंबईतल्या एका जुन्या सहकाऱ्याने पत्ता दिला होता वसईचा. वसईत ख्रिस्ती लोकांच्या लग्नात बँड लागतोच, आणि त्यांच्या गावागावांत सॅक्सोफोनवाले आहेत. बोलतात अस्सल मराठी, आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाची. तिथे एका घरी वायएएस २३ होतं, यामाहाचं जुनं शिकाऊ मॉडेल. मुलगा नोकरीला आखातात गेला, वाद्य दोन वर्षं पेटीत. वरचा मुलामा ठिकठिकाणी उडालेला, दिसायला गरीब. आईने पंचावन्न सांगितले.

मी काय तपासलं ते सांगतो, कारण उद्या तुमच्या नातवासाठी घ्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल. आधी नळी डोळ्यासमोर आडवी धरून बंदुकीसारखी नेम धरून पाहिली. पडून वाकलेली असेल तर दांड्या सरळ रेषेत दिसत नाहीत. मग खालचं वळण पाहिलं, तिथे पोचे पडतात. एखादा पोचा चालतो, पण झाकणीच्या कडेला नको. मग खोलीत अंधार केला, छोटा दिवा दोरीने नळीत सोडला आणि एकेक झाकणी हलकेच दाबली. जिथून उजेड डोकावतो तिथून हवा गळते. चार ठिकाणी उजेड दिसला. चार पॅड म्हणजे बदलण्यासारखी गोष्ट आहे, वीस असते तर मी उठलो असतो. दांड्यांना धरून हलवलं, खडखड फार नव्हती. गळ्याचा तुकडा नळीत घट्ट बसतो की डुलतो ते पाहिलं. शेवटी वरून खाली एकेक सूर हळू वाजवत गेलो. जोरात फुंकलं तर गळकं वाद्यही वाजतं, म्हणून हळूच वाजवायचं. मग मोबाईलवरचा ट्यूनर लावून खालचा आणि वरचा एकच सूर जुळतो का ते पाहिलं. जुन्या वाद्यात सगळं दुरुस्त होतं, पण नळीच बेसुरी असेल तर तिला इलाज नाही.

ती माऊली म्हणाली, “तुम्ही वाद्य बघता की पोरगी?”

पंचेचाळीसला ठरलं. चाळीस भिशीचे, पाच माझे. मुंबईतच एका कारागिराकडे चार पॅड, दोन स्प्रिंगा आणि बुचाचे तुकडे बदलून घेतले, ते सहा हजार वेगळे. मग सौ.ना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “खालचा सूर निघतो?” चौकशी त्यांनी पूर्ण केली होती.

राहिली तोंडाची गोष्ट. वाद्यापेक्षा माउथपीस आवाज जास्त बदलतो, हे क्लॅरोनेटवाल्याला माहीत असतंच. वाद्याबरोबर आलेलं माउथपीस बाजूला ठेवून मी यामाहाचं ४सी घेतलं, शिकणाऱ्यांना तेच सांगतात आणि ते महाग नाही. रीड क्लॅरोनेटला मी तीन नंबरची वापरायचो, इथे दोनवर आलो, आता अडीचवर आहे. आणि खरी अडचण रीड नव्हतीच, माझा जबडा होता. क्लॅरोनेट तोंडात तिरपं धरतात, हनुवटी ताणून, ओठ घट्ट. सॅक्सोफोन जवळजवळ सरळ तोंडात येतो आणि ओठ सैल पाहिजेत. क्लॅरोनेटच्या पकडीने फुंकलं की सूर चढतो आणि वरचे सूर चिरकतात. एक साधी परीक्षा आहे. नुसतं माउथपीस वाजवायचं, नळीशिवाय. आल्टोचं माउथपीस पांढरी सहा वाजलं पाहिजे. माझं सुरुवातीला त्याच्या दोन-तीन पट्ट्या वर वाजायचं. क्लॅरोनेटचा चाळीस वर्षांचा चावा तो. पेटीवर पांढरी सहा दाबून रोज पंधरा मिनिटं ओठ सैल करत बसलो, तेव्हा कुठे महिन्याने खाली आला. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी माझ्या गच्चीवरून जो बदकाचा आवाज ऐकला, तो हाच.

वजनही आहे. क्लॅरोनेट पाऊण किलोच्या आसपास, हे अडीच किलोच्या घरात, आणि सगळं मानेवर. आमच्या वयात मानेचा पट्टा रुंद आणि गादीचा घ्या, पाचशे-सातशे जास्त लागले तरी. आणि उन्हाळ्यात वाद्य गाडीत बंद ठेवू नका. पितळ लाकडासारखं तडकत नाही हे खरं, पण पॅड लाखेने किंवा ग्लूने चिकटवलेले असतात. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत ते सरकले की सहा हजार पुन्हा. पावसाळ्यात उलटं, पॅड ओलसर राहून झाकणीला चिकटतात. वाजवून झालं की आतून पुसायचं आणि चिकटणाऱ्या झाकणीखाली पातळ कागद दाबून काढायचा. सिगारेटचा कागद चांगला. पानठेल्यावर मी तो मागितला तेव्हा गावभर बातमी झाली की बाबूजी रिटायर झाल्यावर बिघडले.

माझं जुनं क्लॅरोनेट कुठे आहे, असं परवा एकाने विचारलं. बँड आता राहिलेत कुठे, बेंजो आणि धुमाल आहे, डीजे आहे. तरी मास्तरांच्या बँडमध्ये दोन पोट्टे अजून टिकून आहेत. त्यातल्या धाकट्याला ते देऊन टाकलं. पैसे घेतले नाहीत. त्याला म्हटलं, छिद्र झाकलं नाही तर हे वाद्य तुझं ऐकणार नाही. तो म्हणाला, “हे मास्तर रोजच सांगतात.”

आता मागून दुधाचा वास येतोय आणि अध्यक्ष घड्याळ पाहताहेत. एक विनंती समितीला. सकाळी सात ते आठ सभागृह रिकामंच असतं, ते मला रियाजाला द्यावं. गच्चीवर वाजवलं की आवाज चारी बाजूला जातो, इथे भिंतीत राहील. ज्यांच्या घरी बारावीची मुलं आहेत त्यांनी मार्चपर्यंत मला सांगावं, मी दुपारी वाजवीन. आणि ज्या मुलांना शिकायचं आहे त्यांनी यावं. ते शोकेसमधलं वाद्य एका मिस्त्रीने अर्धं सरळ केलंय, वरची पाच-सहा सुरं वाजतात. बोटं बसवायला तेवढं चालेल.

तिकडे गावात मोठी देवी बसली आहे, म्हणून तिचंच एक भजन वाजवतो. पेटीवर आमच्या सौ. आहेत. सूर काळी पाच धरला आहे, म्हणजे माझा सा डाव्या हाताच्या तीन बोटांवर आला, उजवी अनामिका खालच्या पंचमाला लागेल. मींड आली नाही तर समजून घ्या.

हं, द्या सूर.